डिस्क बर्न झाली म्हणून मूळ क्लिपा उडवू नका

ताई, मुंजीच्या व्हिडिओची डीव्हीडी बर्न झाली तरी लॅपटॉपची सी ड्राइव्ह अजून भरलेलीच, लाल दिसतेय, मग आता मूळ क्लिपा आणि प्रोजेक्ट डिलीट करू का, असं तुम्ही विचारलंय. तुमचं वाचलं आणि आमच्या घरचं सगळं आठवलं, म्हणून सविस्तर लिहितो. क्लिपांना आज हात लावू नका. जागा दुसरीकडून निघेल.

माझं शिक्षण या विषयातलं नाही, पण घरच्यांचे आणि नातेवाइकांचे व्हिडिओ बरीच वर्षं मीच सांभाळतोय. त्यातून पक्कं झालेलं मत असं की घरी बघायची डीव्हीडी ही जपून ठेवायची प्रत नव्हेच. तुम्ही मोबाइलवर १९२० बाय १०८० मध्ये शूट केलं असेल, तर डीव्हीडीवर ते ७२० बाय ५७६ होतं. म्हणजे चित्राचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. उद्या त्या डिस्कवरून फाइल परत काढली तरी गेलेलं येत नाही.

प्रोजेक्ट फाइलवरही विसंबू नका. ती अगदी छोटी असते, तिच्यात व्हिडिओ नसतोच. कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कुठे कापायची, एवढीच नोंद तिच्यात असते. क्लिपा उडवल्या की प्रोजेक्ट उघडेल, पण आत काही नसेल.

आता आमचं सांगतो. आबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग इथे सांगलीतल्याच एका स्टुडिओला दिलं होतं. मिनी डीव्ही कॅसेटचा जमाना. त्या कॅसेटवर चित्राचीच सेकंदाला २५ मेगाबिट माहिती असते, आवाज वगैरे धरून तासाला साधारण १३ जीबी. स्टुडिओने तीन तासांचा कार्यक्रम ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर कोंबला, म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा नाहीत. वर झकास मेनू, सनईचं संगीत, आबांचा फोटो फिरत फिरत येतो. पण औक्षणाचा प्रसंग लावा. ताटात दिवे तेवतायत आणि प्रत्येक ज्योतीभोवती चौकोनी ठोकळे. आत्या ताट फिरवते तसा आबांचा चेहरा त्या ठोकळ्यांत विरघळतो. डोळे दिसत नाहीत.

मूळ कॅसेट मागायला गेलो, तर त्याच कॅसेटवर दुसऱ्याच कुणाचं लग्न शूट झालं होतं. कॉम्प्युटरवरचं? जागा हवी होती म्हणून पुसलं. "तुमची डिस्क तुम्हाला दिली की, आता काय राहिलं?" हे उत्तर. पैसे पूर्ण घेतले होते, पण पुसण्याआधी साधा एक फोन नाही. आबा आता नाहीत, आणि त्यांचं चालतं-बोलतं असं तेवढंच आहे. त्यामुळे मी हे प्रत्येकाला सांगत असतो: शूटिंगची ऑर्डर देतानाच मूळ फुटेज हार्ड डिस्कवर मिळेल असं बिलावर लिहून घ्या. तोंडी कबुलीवर जाऊ नका. सगळे स्टुडिओ असे नसतात, चांगलेही आहेत, पण लिहून घ्यायला कशाला लाजायचं?

तुमच्या जागेचं म्हणाल, तर बर्न करणारं सॉफ्टवेअर आधी डिस्कची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, टेम्प फोल्डरमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या जागी) बनवतं आणि पुष्कळदा ती तशीच पडून राहते. साध्या डिस्कची साडेचार जीबीच्या आसपास, डबल लेयरची, म्हणजे दोन थरांच्या डिस्कची, आठच्या आसपास. त्यात एडिटिंगची कॅशे (सॉफ्टवेअरने कामापुरत्या बनवलेल्या फाइली) आणि बर्नसाठी काढलेली रेंडर फाइल, म्हणजे जोडून तयार झालेला व्हिडिओ. या तिन्ही परत बनवता येतात, त्या खुशाल उडवा. मग रिसायकल बिन रिकामी करा, त्याशिवाय जागा मोकळी होत नाही. पुढच्या वेळी टेम्प फोल्डर डी ड्राइव्हवर द्या.

मूळ क्लिपा आणि प्रोजेक्टचं फोल्डर दोन वेगळ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा. डिस्क फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, तीही रिकामी असतानाच, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. दोन्हीकडच्या क्लिपा मधूनमधून चालवून बघा, मगच लॅपटॉपवरच्या काढा. एक डिस्क दुसऱ्या गावी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं तेव्हा इथे किती जणांचे अल्बम आणि सीडी एकाच कपाटात भिजल्या, ते आम्ही पाहिलंय. आमची दुसरी प्रत तेव्हापासून बहिणीकडे साताऱ्यालाच असते.

डीव्हीडी मात्र जरूर काढा, घरच्या वडीलधाऱ्यांना टीव्हीवर लावायला तीच सोपी. पण बर्नचा वेग कमी ठेवा, व्हेरिफायची खूण करा म्हणजे लिहिलेलं तपासलं जातं, आणि शेवटी डिस्क फायनलाइज (बंद) करा, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. एका डिस्कवर तासा-सव्वातासापेक्षा जास्त भरू नका, लागल्या तर दोन काढा. वर स्टिकर चिकटवू नका.

कुठलं सॉफ्टवेअर वापरलं ते तेवढं लिहा, म्हणजे त्याचा टेम्प फोल्डर कुठे असतो ते नेमकं सांगता येईल.