कलमं राहू द्या, आधी एक बिल हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीएचं पहिलं सेमिस्टर, बिझनेस लॉचा पेपर तीन आठवड्यांवर, वकील व्हायचं नाही. मग एवढी कलमं पाठ कशाला करायची, आणि यातलं पुढे नोकरीधंद्यात उपयोगी काय?

मीही वकील नाही. भोसरीत फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप आहे आणि आठवड्यातून दोन तास एका कॉलेजात हाच विषय शिकवतो. त्यामुळे या विषयाचे पेपरही तपासलेत आणि याच विषयात फटकेही खाल्लेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवा. काही मराठी पुस्तकांत 'ठराव' (अ‍ॅग्रीमेंट) आणि 'करार' (कॉन्ट्रॅक्ट) अशी जोडी असते, तर काहींत तीच जोडी 'करार' आणि 'संविदा' या नावानं येते. मुद्दा एकच: दोघांचं ठरलं म्हणजे झालं असं नाही, ते कोर्टात बजावून घेता आलं पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याचं १० वं कलम त्यासाठी चार गोष्टी मागतं. मोकळी संमती, करार करायला पात्र माणसं, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू. स्टॅम्प पेपर या यादीत नाही. फोनवर ठरलेला सौदाही करारच असतो, फक्त तो सिद्ध करताना तोंडाला फेस येतो.

अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्याशी, केलेला करार मुळातच शून्य, हे मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) या खटल्यावरून लक्षात ठेवा. पोरानं घर गहाण टाकून कर्ज काढलं. गहाण रद्द झालं आणि दिलेली रक्कमही सावकाराला परत मिळाली नाही. परीक्षेला हा हमखास असतो.

माझ्या मते खरा जीव आहे तो कलम ७३ मध्ये, म्हणजे नुकसानभरपाईत. त्यामागे १८५४ चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा इंग्लंडमधला खटला आहे. ग्लॉस्टरच्या गिरणीचा शाफ्ट मोडला. नवा बनवायला नमुना म्हणून तो ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदारानं उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस जास्त बंद राहिली. मालकानं बुडालेला नफा मागितला, पण तो मिळाला नाही. शाफ्ट पोचला नाही तर गिरणीच बंद राहील, ही खास परिस्थिती वाहतूकदारानं करार करताना गृहीत धरलेली नव्हती, असं कोर्टाचं म्हणणं. आपल्या भाषेत सांगायचं तर, डिलिव्हरी चुकली की तुमची लाइन थांबणार असेल, तर ते पर्चेस ऑर्डरवरच लिहा. नंतर भांडताना सांगून उपयोग नाही. आणि 'उशीर झाल्यास एक लाख दंड' असं नुसतं लिहून ठेवलं तरी आपोआप लाख मिळत नाही. कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं, लाख ही फक्त कमाल मर्यादा.

आता माझा फटका. २०१६ साली एका दुकानदाराला दोन लाख चाळीस हजारांचे रॅक दिले. ऑर्डर तोंडी, चलनावर त्याच्या माणसाची सही. त्यानं दिलेला चेक बाउन्स झाला. फोन केला तर म्हणाला, "साहेब, दिवाळी होऊ द्या, स्वतः आणून देतो." मी दिवाळी होऊ दिली, वर तुळशीचं लग्नही होऊ दिलं. मग वकिलाकडे गेलो. त्यांनी बँकेच्या मेमोवरची तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ ची नोटीस, बँकेनं चेक परत आल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांत जावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते सरल्यावर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीला ती सोय नाही. चेकची मुदत उरली असती तर तो पुन्हा भरता आला असता आणि परत बाउन्स झाल्यावर ३० दिवस नव्यानं मोजता आले असते. पण चेक चालतो तीनच महिने, आणि तेही उलटले होते.

उरला दिवाणी दावा, त्याला मुदत तीन वर्षं. इथं मला वाचवलं ते आमच्या सीएंनी दर मार्चला लावलेल्या सवयीनं. 'आमच्या वहीप्रमाणे तुमच्याकडून इतकं येणं आहे, बरोबर असल्यास सही करा' असं पत्र आम्ही प्रत्येक पार्टीला पाठवतो. या गड्यानंही सही करून पाठवलं होतं. मुदत संपण्याआधी देणं असं लेखी कबूल केलं, की तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा सुरू होतात. दावा लावल्यावर दीड लाखावर तडजोड झाली. लहान उद्योगांची सरकारी नोंदणी (तेव्हाचं उद्योग आधार, आताचं उद्यम) माल देण्याआधी केलेली असती तर १५ दिवसांवर (लेखी मुदत ठरली असती तर तिच्यावर, पण कमाल ४५ दिवस) थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याजही मागता आलं असतं. तेव्हा केली नव्हती. तुम्ही उद्या कुणाच्या अकाउंट्समध्ये बसलात तर व्हेंडरच्या बाजूनं हा आकडा तुमच्या अंगावर येऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

बाकीचं भरभर. भागीदारी फर्म नोंदवली नसेल तर तिला बाहेरच्यावर कराराचा दावा लावता येत नाही, बाहेरच्याला मात्र फर्मवर येतो. मित्रामित्रांनी धंदा काढताना हे हटकून विसरतात. कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, हे १८९७ च्या सॅलोमन खटल्यापासून प्रत्येक गाइडात छापलेलं असतं. त्याच गाइडात चाळीस पानांपुढे जामीन, म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाची हमी, येतो, पण दोन्ही जोडून कुणी सांगत नाही. बँक कंपनीला कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेते, आणि त्या एका सहीनं सॅलोमननं दिलेलं संरक्षण त्या कर्जापुरतं गेलं. 'आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हेही चालत नाही. बँक सरळ जामीनदाराकडे जाऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सांगितलं. दीर्घोत्तरी प्रश्नात हे दोन मुद्दे जोडून लिहा, तपासणारा जागा होतो.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर रोज दोन खटले गोष्टीसारखे वाचा आणि कलमांचे आकडे शेवटच्या चार दिवसांवर ठेवा. त्याआधी ओळखीच्या दुकानातून एक छापील बिल आणा आणि खालचा बारीक मजकूर वाचा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', 'उशीर झाल्यास २४ टक्के व्याज', 'सर्व वाद पुणे न्यायक्षेत्रात'. यातलं बिल हातात पडण्याआधी ठरलं होतं कोणतं आणि नुसतं छापलंय म्हणून आहे कोणतं, ते ओळीओळीला लिहा. शेवटच्या ओळीसाठी १९८९ चा एबीसी लॅमिनार्टचा निकाल काढा. तिथं कागदावर 'कैरा न्यायक्षेत्र' होतं, तरी दावा सेलमला चालला, कारण बाकीची कोर्टं स्पष्टपणे वगळलेली नव्हती. अडलात तर बिलावरच्या त्या ओळी इथंच टंका, आपण बघू.