‘आधी साखर उतरवतो, मग टीबीचं बघू’

मधुमेह असलेल्या माणसाला टीबी निघाला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर दिवाणजी असलेले एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) तर गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून परत द्यायलाच आले. “मॅडम, या सुरू केल्या आणि दीडशेची साखर तीनशेवर गेली. मला सोसत नाहीत.”

काकांचं निरीक्षण खरं होतं. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध यकृताला असं कामाला लावतं, की ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांचा असर लवकर ओसरतो. त्यात अंगात जंतुसंसर्ग असला की साखर तशीही चढते. यावर डॉक्टर साखरेचं औषध वाढवतात किंवा बदलतात; टीबीच्या गोळ्यांना हात लावत नाहीत. साखर चढी राहिली तर टीबी हटायला वेळ लागतो आणि टीबी अंगात असेपर्यंत साखर ऐकत नाही, मग ‘आधी’ कुठून काढायचं? शिवाय गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

इन्सुलिनचा विषय निघाला तशा काकू रडवेल्या झाल्या. “म्हणजे आता जन्माचं सुयाच.” तसं नसतं. निदान सगळ्यांचं तरी नसतं. सहा महिन्यांचा कोर्स संपला की बरेच जण पुन्हा गोळ्यांवर येतात. मात्र तेव्हा डोस नव्याने ठरवून घ्यावा लागतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते. ही गोष्ट मी काकूंच्या वहीत लिहून दिली. तोंडी सांगितलेलं सहा महिने कोण लक्षात ठेवतो!

खरा गुंता स्वयंपाकघरात होता. काकांचं वजन कितीतरी दिवस उतरत होतं आणि सगळे म्हणत होते, शुगरनेच वाळले. टीबी कळल्यावर नणंदबाई डिंकाचे लाडू घेऊन हजर, शेजारून केळी, कुणी म्हणे तुपातला शिरा द्या. इकडे काकूंनी पथ्य म्हणून अर्ध्या भाकरीवर आणलेलं. दोन्ही टोकंच. अंडी, मटकीची उसळ, घट्ट वरण, दूध, मूठभर शेंगदाणे पोटभर चालतील आणि भाकरी-भात आहारतज्ज्ञांना विचारून, असं ठरलं. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये खात्यात येतात, हे सांगितल्यावर काका ताठ झाले, “आम्ही काय गरीब आहोत का?” ही मदत उत्पन्न बघून मिळत नाही, नोंद झालेल्या प्रत्येक टीबी रुग्णासाठी आहे. काकूंनी लगेच पासबुक काढलं.

निघताना काकांनी हळूच विचारलं, लघवी लालसर होते, किडनी गेली का? तो रिफाम्पिसिनचाच रंग. पण पायाला मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवायचं. मुंग्या साखरेनेही येतात आणि आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधानेही, त्यासाठी बी-६ जीवनसत्त्वाची गोळी असते.

घरच्यांची तपासणी मात्र अजून अर्धवट आहे. काकूंचा एक्स-रे झाला. मुलगा म्हणतो, मला खोकलाच नाही, कशाला यायचं? खोकला नसला तरी घरातल्या प्रत्येकाने तपासून घ्यायचं असतं, कारण टीबी नाही असं दिसलं तर तो होऊ नये म्हणूनही औषध देता येतं. काकू म्हणाल्या, त्याला रविवारी बाहेर पडूच देत नाही, सोमवारी घेऊनच येते.