गुप्तलिपी सोडवायला शिकताना पहिलं कोडं कुठलं घ्यावं?

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून करता येईल असं घ्या: इंग्रजी मजकूर, साधा अक्षरबदल (प्रत्येक अक्षराच्या जागी कायम तेच एक दुसरं अक्षर), किमान दीडशे-दोनशे अक्षरं. छोटं कोडं सोपं वाटतं, पण त्यात अक्षरांच्या मोजणीला आधारच मिळत नाही.

चौकटीची वही आणि पेन्सिल. पेन नकोच. मजकूर पाच-पाच अक्षरांच्या गटांत उतरवा, म्हणजे एखादं अक्षर गळलं तर लगेच कळतं.

१. आधी सीझर तपासा, म्हणजे सगळी अक्षरं वर्णमालेत सारख्याच घरांनी सरकवली आहेत का ते पाहा. सरकवण्याच्या २५च तर शक्यता आहेत!
२. मग अक्षरं मोजा. इंग्रजीत 'ई' साधारण १२-१३ टक्के येतो. पण सर्वांत जास्त आलेलं अक्षर म्हणजे 'ई'च, असा हट्ट धरू नका. नवखे हमखास इथेच अडकतात. 'टी-एच-ई'सारखी वारंवार येणारी तिकडी सापडली, तरच अंदाज पक्का धरा.

सगळी अक्षरं जवळपास सारख्याच संख्येनं दिसली, तर ते बहुधा व्हिजनेर, म्हणजे एका कळशब्दाप्रमाणे दर अक्षराला सरकवणं बदलणारी गुप्तलिपी. तूर्त बाजूला ठेवा.