कुमार गंधर्व ऐकायला लागलास, तर आधी डाऊनलोड थांबव

भावा, एका दिवसात १२ जीबी गोळा केलंस म्हणायलास, पण त्यातलं ऐकलंस किती? मी बी असंच केलतं.

आधी दोनच गोष्टी ऐक. लहानपणीच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि नंतरची निर्गुणी (निराकार देवाची, कबीरासारख्या संतांची) भजनं. मधी त्यांना टीबी झाला, १९४८ ला मध्य प्रदेशातल्या देवासला गेले, काही वर्षं गाणंच बंद. हे माहीत ठेवून ऐकलं की त्या तुटक तुटक ताना आणि मधली शांतता वेगळीच कानात बसती. रात्री परभणीच्या एसटीत इअरफोन लावून ऐक, खिडकी मात्र बंद कर.

आता फाईलींचं. सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. कुठं 'कुमार गंधर्व', कुठं 'पं. कुमार', कुठं नुसतं 'ट्रॅक ०३', मग प्लेअरमधे एकाच माणसाचे चार कलाकार. म्हणून,

- नाव एकाच पद्धतीनं लिही, गाण्याच्या नावात राग टाक (गांधी मल्हार, मधसुरजा असे त्यांचे स्वतःचेबी राग हायत, शोधायला सोपं जातं)
- १२८ केबीपीएसची (दाबून लहान केलेली) एमपी३ फ्लॅकमधे (आवाज न कापता ठेवणाऱ्या मोठ्या फाईलीत) बदलू नको, फाईल फुगती, आवाज तोच राहतो
- दोन ठिकाणी कॉपी ठेव. माझी कॉपी चालू असताना लाईट गेली आन हार्ड डिस्कच बसली, एकुलती एक होती

डॅक (डिजिटल फाईलीचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र), महागडे हेडफोन ते सगळं नंतर बघू. पहिल्या महिन्यात दहाच रेकॉर्डिंग ठेव, अन कोणतं परत परत लावलंस ते सांग, मग पुढचं देतो.