सरकारी इमारतीचं वीजबिल कोण वाचतं?

सरकारी कार्यालयं, शाळा, दवाखाने यांच्यामुळे होणारं कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी सरकार काय करतंय आणि त्यातलं किती कामाचं आहे, याबद्दल नाशिकच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. मी एनर्जी ऑडिट करतो, त्यामुळे उत्तरं बिलाच्या बाजूने येतील. ज्यांनी नाव देऊ नका म्हटलं त्यांचं दिलेलं नाही. म्हणजे कुणाचंच नाही.

कार्बन कमी करायचा तर कारखाने आणि गाड्या धरा. सरकारी ऑफिसातले चार पंखे बंद करून काय होणार? (निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड)

चार पंख्यांनी काही होणार नाही, हे खरंच. पण हिशेब पंख्यांचा नाही. आपल्याकडच्या ग्रिडमधली एक युनिट वीज वापरली की सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण ही वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होते. नाशिककरांना हे सांगायला नको. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडहून दिसतात. 210 मेगावॉटचे तीन संच आहेत तिथे. शरणपूर रोडवर महापालिकेच्या राजीव गांधी भवनात लिफ्ट वर गेली, तर कुठल्या तरी अशाच केंद्रात त्यासाठी कोळसा जळलेला असतो.

सरकार हा देशातला मोठा गिऱ्हाईक आहे, ही दुसरी गोष्ट. एलईडी बल्बचं उदाहरण घ्या. ईईएसएल या सरकारी कंपनीने 2014 मध्ये बल्ब घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली तेव्हा एका बल्बला 310 रुपये पडत होते. दोन-तीन वर्षांत तोच दर 38 रुपयांवर आला. त्यानंतर मेनरोडवरच्या दुकानातही एलईडी स्वस्त झाला. सरकारने आपल्या इमारतींसाठी नीट खरेदी केली, तर कारखानदार आणि सोसायट्या आपोआप त्या वाटेला लागतात. उपदेशाने लागत नाहीत.

आमच्या कार्यालयात सगळीकडे एलईडी बसवले, फोटो काढले, अहवाल गेला. वर्षभरात बिल मात्र कमी झालं नाही. कुठे चुकलं? (कनिष्ठ अभियंता, एक शासकीय कार्यालय)

पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, फक्त एक लिहिलं नाहीत : जुन्या ट्यूबपैकी चालू किती होत्या? सरकारी इमारतीत हा प्रश्न आधी विचारावा. शंभर जुन्या ट्यूबपैकी चाळीस बंद पडलेल्या असतील आणि त्या जागी शंभर नव्या लागल्या, तर उजेड वाढतो. बचत कागदावर शंभरांची, प्रत्यक्षात साठांची. उजेड वाढला हे चांगलंच झालं, लोक अंधारात फायली शोधत होते. पण त्याला बचत म्हणू नये.

आता आकडे बघू. जुनी चाळीस वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट 50-52 वॉट खाते, एलईडी 20. वाचले साधारण 32 वॉट. रोज आठ तास, वर्षाला 250 दिवस धरले तर एका ट्यूबमागे 64 युनिट. दोनशे ट्यूब असतील तर 12,800 युनिट, म्हणजे सुमारे नऊ टन कार्बन डायऑक्साइड. वाईट नाही.

पण हे करून बघा. संध्याकाळी ऑफिस बंद होताना मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी शिपाई कुलूप उघडतो तेव्हा पुन्हा घ्या. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ घेतलंत तर आणखी उत्तम. 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे इमारत वर्षातले सुमारे साडेसहा हजार तास रिकामी असते. त्या वेळात समजा पाच किलोवॉट सतत ओढले जात असतील, तर वर्षाला 32,500 युनिट झाले. दोनशे ट्यूबच्या बचतीच्या अडीचपट. आणि हे कुणासाठी? कुणासाठीच नाही. वॉटर कूलर, यूपीएस, चालू ठेवलेले संगणक, व्हरांड्यातले दिवे, कधीतरी साहेबांच्या केबिनचा एसी आणि टाकी भरूनही चालणारा पंप. मोठ्या कार्यालयात यातलं निम्मं तरी एका फिरतीत सापडतं, आणि ते बंद करायला टेंडर लागत नाही. म्हणूनच बहुधा ते कुणी करत नाही.

तिसरं कारण एसी. एलईडी बसले त्याच वर्षी तीन नवे एसी आले असतील, तर सगळं तिथे गेलं. स्टार लेबल असलेले खोलीचे एसी 2020 पासून कारखान्यातूनच 24 अंशांवर सेट होऊन येतात. कुणी तरी ते 18 वर आणतं. एक अंश वर ठेवला तर एसीची वीज साधारण सहा टक्के वाचते. नाशिकची उंची सहाशे मीटरच्या आसपास. एप्रिल-मे सोडले तर खिडकी आणि पंखा पुरतो, हे इथे राहणाऱ्याला माहीत आहे. इमारतीचा आराखडा काढणाऱ्याला ते माहीत असतंच असं नाही.

आणि बिल म्हणजे फक्त युनिट नव्हेत. स्थिर आकार, कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती खरोखर कामाला लागते त्याचं माप) हेही त्यात असतं. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त असेल तर तो कमी करून घ्या, पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर दुरुस्त करा. पैसे वाचतील. मात्र त्याने कार्बन फारसा कमी होत नाही, तेव्हा अहवालात दोन रकाने वेगळे ठेवा. खरी अडचण मला वेगळीच दिसते : बिल भरतो लेखा विभाग, वायरिंग बघतो बांधकामचा विद्युत उपविभाग, वीज वापरतो तिसराच. बारा महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवून बघणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. ते तुम्ही करा. हुद्दा लहान आहे असं लिहिलंत, पण मीटर हुद्दा विचारत नाही.

आमच्या जिल्हा परिषद शाळेवर सोलर बसवायचं आहे. 78,000 रुपयांचं अनुदान मिळेल ना? लाइट गेली तरी शाळा चालेल ना? सुट्टीत तयार होणारी वीज वाया जाते का? (मुख्याध्यापिका, दिंडोरी तालुका)

बाई, अनुदानाचं आधी. पीएम सूर्यघर योजनेतलं ते 78,000 घरगुती ग्राहकासाठी आहे, तीन किलोवॉटपर्यंत. शाळेला ते लागू नाही. सरकारी इमारतींच्या छतांवर सौरऊर्जा बसवण्याचा भाग त्याच योजनेत आहे, पण त्याचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. एक पद्धत अशी की कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते आणि तुम्ही तिला युनिटमागे ठरलेला दर देता. छोट्या शाळेसाठी कंपन्या सहसा एकट्याने येत नाहीत. तालुक्यातल्या पाच-पंचवीस शाळा एकत्र करून प्रस्ताव गेला तर येतील. नाहीतर जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायत किंवा एखाद्या कारखान्याचा सीएसआर निधी. महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेच्या नाशिकच्या कार्यालयात एकदा जाऊन या.

लाइट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, सोलरही बंद होतं. ऊन कितीही असो. लाइनमन तारेवर काम करत असताना तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊ नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. सोलर लावूनही अंधार का, म्हणून गावात नंतर बोलणी खावी लागतात, तेव्हा पालकांना हे आधीच सांगा. भारनियमनात चालायला हवं असेल तर बॅटरीची हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते. खर्च वाढतो.

सुट्टीतली वीज वाया जात नाही. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) असेल तर मे महिन्यातले जास्तीचे युनिट महावितरणच्या खात्यात जमा राहतात आणि जून-जुलैत वळते होतात. पावसाळ्यात आपल्याकडे उत्पादन बरंच घटतं, त्यामुळे ही जमा कामाला येते. मार्चअखेर उरलेले युनिट महावितरण ठरलेल्या दराने घेते.

क्षमता किती? एक किलोवॉट सरासरी दिवसाला चार युनिट देतो. आठ वर्गांच्या शाळेला तीन किलोवॉट बहुतेक पुरतात. मात्र पॅनेलआधी पंखे बदला. जुना पंखा 75 वॉट, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. पंखे बदलले की पॅनेलही कमी लागतात. आणि पॅनेल धुणार कोण, पाणी कुठून, हे करारात लिहून घ्या.

सिंहस्थासाठी शहरात कामं निघाली आहेत. आम्ही टेंडरमध्ये लिहिलंय ते बांधतो. यात कार्बन कमी करायला आमच्या हातात काय आहे? (शासकीय कंत्राटदार, सातपूर)

तुमच्या हातात थोडं, टेंडर लिहिणाऱ्याच्या हातात पुष्कळ. 2027 च्या सिंहस्थासाठी जे बांधलं जाईल त्यातलं बरंचसं नंतरही उभं राहणार आहे, म्हणून घाईत घेतलेले निर्णय तीस-चाळीस वर्षं बिलात दिसतील.

वीज लागण्याआधीच इमारतीचा कार्बन खर्च होऊन गेलेला असतो. साध्या ओपीसी सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीमागे साधारण 40 किलो, आपल्याकडच्या एक टन सळईमागे दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड. राखमिश्रित पीपीसी वापरलं तर सिमेंटचा आकडा पाव हिश्शाने खाली येतो. राख इथेच आहे, एकलहऱ्यात. औष्णिक केंद्रांच्या परिसरात राखेच्या विटा वापरण्याचा केंद्राचा नियम 1999 पासूनचा आहे, 2016 मध्ये अंतर 300 किलोमीटरपर्यंत वाढवलं. अख्खा नाशिक जिल्हा त्यात येतो. दरसूचीत या विटा असतात, त्या अंदाजपत्रकात घालायला सांगा.

काचेबद्दल माझं मत तिखट आहे. पश्चिमेला काचेची भिंत उभी करून मग तिच्यामागे एसी लावायचे, आणि पुढे पडदे ओढून दिवसा दिवे लावायचे, याला आधुनिक इमारत म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या दगडी कचेऱ्या बघा : जाड काळा दगड, उंच छत, कौलं, सभोवती व्हरांडा. त्या काळच्या अभियंत्याला एसीचा आधारच नव्हता, म्हणून त्याने ऊन भिंतीपर्यंत येऊच दिलं नाही. अशी इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा ती दुरुस्त करणं कार्बनच्या हिशेबात जवळपास नेहमी सरस ठरतं. दुरुस्तीचं काम किचकट असतं, उद्घाटनाला फार शोभत नाही, हा भाग निराळा.

केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. 100 किलोवॉट किंवा त्याहून जास्त भाराच्या इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन व शाश्वत इमारत संहिता त्यात आली. भिंत, छत, काच, दिवे, एसी अशा सगळ्यांचे किमान निकष तीत आहेत. टेंडर भरण्याआधीच्या प्रीबिड बैठकीत हात वर करून विचारा की आराखडा या संहितेप्रमाणे तपासला आहे का. आणि एसी निवडताना 'एल वन' (सर्वांत कमी दराची निविदा) ठरवायला फक्त यंत्राची किंमत न बघता दहा वर्षांच्या विजेसकट किंमत बघावी, हेही तिथेच मांडता येतं. कमी दराने आलेला तीन स्टारचा एसी पाच स्टारपेक्षा शेवटी महाग पडतो. रोज आठ तास चालणार असेल तर नक्कीच.

दवाखान्यातल्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. त्याचा कार्बनशी संबंध आहे का? (परिचारिका, नाशिकरोड)

फार मोठा. बऱ्याच एसींमधला आर-410ए हा वायू एक किलो गळाला तर तापमानवाढीच्या हिशेबाने दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणजे जवळपास 2,900 युनिट वीज जाळल्याइतकं. नव्या एसींमधला आर-32 त्याच्या साधारण एक तृतीयांश. दर वर्षी गॅस भरावा लागतो याचा अर्थ गळती आहे. एसीत गॅस खर्च होत नसतो. देखभालीच्या करारात 'गॅस भरणे' ऐवजी 'गळती शोधून बंद करणे, मग भरणे' असं लिहायला सांगा, आणि किती किलो भरला याची नोंद ठेवा.

इमारतीवर 'कार्बन न्यूट्रल' असा बोर्ड लावून आवारात झाडं लावली तर चालेल का? (कार्यकर्ता, पंचवटी)

झाडं लावा. बोर्ड लावू नका.

आमच्या प्रभागातलं सरकारी कार्यालय किती वीज खातं, हे सामान्य माणसाला कसं कळेल? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सिडको)

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. बारा महिन्यांची बिलं आणि इमारतीचं चटईक्षेत्र मागा. वर्षाचे एकूण युनिट भागिले चौरस मीटर, हा आकडा काढा. एसी निम्म्याहून कमी जागेत असलेल्या दिवसपाळीच्या कार्यालयासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्टार पद्धत आहे. हवामान विभागाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण ढोबळमानाने 40 च्या खाली पाच स्टार आणि 80 च्या वर एकही नाही. आवारात दोन-तीन मीटर असतात, तेव्हा सगळे ग्राहक क्रमांक मागायला विसरू नका. आणि जनरेटरच्या डिझेलची नोंदवहीही मागा. एका लिटरमागे 2.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, आणि ते वीजबिलात कुठेच दिसत नाही.