राज्यसेवेची तयारी सुरू करणाऱ्या तुला

अगं, क्लास वन अधिकारी व्हायचंय हे दबकत सांगू नकोस, ठणकावून सांग. पण अभ्यासिकेतून रात्री सगळ्यात शेवटी कोण उठतं, या चढाओढीत पडू नकोस. पुण्याच्या सदाशिव पेठेत ती फार चालते. मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर लिहायचेत. अर्धवट झोपेत वाचलेलं तिथे कागदावर उतरत नाही. आधी झोपेची वेळ ठरव, मग वेळापत्रक. मेसचा डबा चुकवू नकोस.

घरून लग्नाचा विषय निघेलच. किती प्रयत्न देणार हे आईबाबांशी आत्ताच बोलून घे. दर फोनला तोच वाद घालण्यात फार ताकद जाते. आणि कित्येक दिवस पुस्तक उघडताच रडू येत असेल, तर त्याला आळस समजू नकोस. सरळ डॉक्टरांना भेट.