'डेटा चोरी' हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

बँकेच्या संगणकातून ग्राहकांची माहिती कुणी परस्पर उतरवून घेतली, तरी मूळ माहिती बँकेकडेच राहते. मग त्याला 'डेटा चोरी' कसे म्हणावे, अशी पृच्छा आहे.

बोलण्यात आणि बातमीत हा प्रयोग मला पूर्ण योग्य वाटतो. मराठीत चोरी म्हणजे वस्तू नाहीशी होणे, एवढाच अर्थ नाही. वाङ्मयचौर्य झाले तरी कविता मूळ कवीकडे असतेच, आणि 'चोरून ऐकणे' यात तर लपूनछपून हाच भाव मुख्य आहे.

फौजदारी कायद्याची चोरी मात्र याहून अरुंद आहे. जून २०२४ अखेरपर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता, त्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी, आणि त्या संहितेत जंगम मालमत्ता मूर्तच, म्हणजे हात लावता येईल अशीच, असावी लागे. इंग्लंडमध्येही हाच पेच पडला होता. लिव्हरपूल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेआधी प्रश्नपत्रिकेचे मुद्रित (प्रूफ) मिळवून वाचले. कागद ठेवून घेण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि नुसती माहिती ही १९६८ च्या चोरीविषयक कायद्यातली मालमत्ता नव्हे, म्हणून तो सुटला. पुढे १९९० च्या कायद्याने तिथे संगणकात अनधिकृत प्रवेश करणे हाच गुन्हा ठरवला. जर्मन दंडसंहितेचे कलम २०२अ 'डेटा हेरण्या'ला शिक्षा सांगते, जे आपल्या 'चोरून पाहण्या'च्या फार जवळचे आहे. उलट नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ऑनलाइन खेळातला ताईत आणि मुखवटा बळाने हिरावणे ही चोरीच मानली, कारण मूळ खेळाडूचा त्यांवरचा ताबा खरोखर गेला होता.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीविना डेटा उतरवणे, त्याची नक्कल करणे असे म्हणते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येतला 'मूर्त' हा शब्द गळला आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. तरी 'ताब्यातून हलवणे' ही अट कायम आहे, आणि नक्कल केल्याने काही हलते का, हा वाद उरतोच. त्यामुळे बातमीच्या मथळ्यात 'डेटा चोरी' खुशाल लिहावे, पण फिर्यादीत मात्र 'परवानगीविना संगणकात प्रवेश करून माहितीची नक्कल केली' असे, प्रत्यक्ष घडले तेच लिहावे.